प्रिंटर आणि घरचे बिनतारी जाळे

शासकीय कामकाज संगणकावर येऊन आता बराच काळ लोटला आहे. परंतु कागद हद्दपार झालेला नाही, हे कोणत्याही ग्रामपंचायतीत वा शाळेत डोकावणाऱ्यास तत्काळ दिसून येते. ग्रामसभेची नोटीस फलकावर लावावीच लागते. चाचणीची प्रश्नपत्रिका मुलांच्या हाती कागदावरच द्यावी लागते. ठरावाची प्रत, हजेरीपत्रक, पोषण आहाराचा तक्ता यांचेही तेच. माझ्या शालेय वयात ही कामे सायक्लोस्टाइल यंत्रावर होत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्या गुरुजींचे हात शाईने माखलेले असत. आज त्या यंत्राची जागा घरच्या टेबलावर मावणाऱ्या लहानशा प्रिंटरने घेतली आहे. अनेक शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच यांनी तो स्वखर्चाने घरी आणला आहे. कारण काम कार्यालयीन वेळेत संपत नाही आणि झेरॉक्सचे दुकान रात्री उघडे नसते.

असा प्रिंटर विकताना दुकानदार एक गोष्ट आवर्जून सांगतो. याला वायरीची गरज नाही, घरातल्या वाय-फायवर तो चालतो, असे त्याचे म्हणणे असते. ते खरेही आहे. मात्र वायर डोळ्यांना दिसते. ती निघाली तर पुन्हा खोचता येते. बिनतारी जोडणी दिसत नाही, आणि ती तुटली तर नेमकी कोठे तुटली हे उमगत नाही. मग घरातील एखाद्या मुलाला हाक मारली जाते. तो दहा मिनिटे काही खटपट करतो, प्रिंटर चालू होतो आणि नेमके काय केले हे त्यालाही सांगता येत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रकार.

मी कलाशाखेचा पदवीधर आहे. रेडिओलहरींचे गणित मला येत नाही. तरीही हा विषय समजून घेणे एका रात्री मला भाग पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक होती आणि तिच्यासाठी सहा पानी टिपणीच्या नऊ प्रती न्यावयाच्या होत्या. टिपणी पुरी होण्यास रात्रीचे पावणेदहा वाजले. छपाईची आज्ञा दिली तेव्हा प्रिंटर ‘ऑफलाइन’ असल्याचे संगणकाने कळविले. प्रिंटर बंद करून चालू केला, संगणक बंद करून चालू केला, छपाईची आज्ञा निदान दहा वेळा दिली. मध्यरात्र उलटल्यावर उलगडा झाला. दुपारी मी कार्यालयात असताना इंटरनेट पुरवठादाराचा कर्मचारी येऊन जुना राऊटर काढून नवा बसवून गेला होता. घरातील मंडळींनी आपापल्या मोबाईलमध्ये नवा पासवर्ड घालून घेतला. प्रिंटरला तो कोणी सांगितला नव्हता. भिंतीवरून केव्हाच नाहीशा झालेल्या जुन्या राऊटरला तो हाका मारीत बसला होता. नवा पासवर्ड मिळताच त्याने साठून राहिलेल्या दहाही आज्ञा एकापाठोपाठ एक पाळण्यास प्रारंभ केला, आणि अर्धे रिम संपल्यावर मला वीज बंद करावी लागली.

जाळे म्हणजे काय

घरातील वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. बहुसंख्य घोटाळ्यांचे मूळ या दोहोंना एकच मानण्यात आहे.

राऊटरला गावातील टपाल कार्यालयाची उपमा देता येईल. मोबाईल, संगणक, प्रिंटर ही त्या गावातील घरे होत. एका आळीतून दुसऱ्या आळीत चिठ्ठी पाठवावयाची असेल तर ती मुंबईस जाऊन परत येण्याचे कारण नाही; गावचे टपाल कार्यालयच ती पोचविते. तद्वत आपल्या मोबाईलवरून निघालेला मजकूर राऊटरकडे जातो आणि राऊटर तो प्रिंटरच्या स्वाधीन करतो. बाहेरगावचा रस्ता, म्हणजे इंटरनेट, त्या दिवशी बंद असला तरी या व्यवहारात खंड पडत नाही. केबल तुटली म्हणून इंटरनेट बंद आहे आणि म्हणून प्रश्नपत्रिका छापता येत नाही, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. प्रत्यक्षात राऊटरला वीज मिळत असेल तर छपाई होऊ शकते. शाईचा पुरवठा मासिक वर्गणीवर करणाऱ्या काही कंपन्यांच्या योजनेतील प्रिंटर मात्र याला अपवाद आहेत. त्यांना कंपनीशी अधूनमधून संपर्क लागतो. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे.

बिनतारी संदेशवहन महाराष्ट्रास नवे नाही. पुण्याजवळील खडकी येथून प्रक्षेपण आणि दौंड येथे ग्रहण, अशी व्यवस्था करून १९२७ साली इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली होती. त्यानंतर कित्येक वर्षे घरात साधा रेडिओ ठेवावयाचा तरी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे, हे आजही जुन्या मंडळींना आठवत असेल. वाय-फाय हाही रेडिओच आहे आणि तो नुसता ऐकत नाही, बोलतोही. मग त्यास परवाना का लागत नाही? याचे कारण असे की, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना केंद्र शासनाने २००५ साली नियम करून परवान्यातून सूट दिली, आणि ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा विस्तृत पट्टा २०१८ साली त्याच प्रकारे खुला केला. या तंत्राचे पहिले प्रमाणक १९९७ साली निघाले, आणि ‘वाय-फाय’ हे नाव त्यास १९९९ साली मिळाले.

वर ज्या दोन पट्ट्यांचा उल्लेख आला, त्यांच्याशी आपल्या प्रिंटरचा निकटचा संबंध आहे.

दोन पट्ट्यांची अडचण

अलीकडे घरोघर बसविले जाणारे राऊटर एकाच वेळी दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची सुमारे पाच ते सहा सेंटीमीटर. पहिल्या प्रकारच्या लहरी भिंतीतून अधिक चांगल्या पार होतात आणि दूरवर पोचतात, परंतु त्यांच्या पट्ट्यात गर्दी फार. शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथची उपकरणे, इतकेच नव्हे तर स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी, यांचा सर्वांचा वावर तेथेच असतो. दुसऱ्या पट्ट्यावर वेग अधिक मिळतो, पण एक-दोन भिंती आड आल्या की तो मंदावतो.

घरगुती वापराचे अनेक प्रिंटर, त्यातही कमी किमतीचे, केवळ २.४ गिगाहर्ट्झचीच भाषा जाणतात. यात उत्पादकाचा दोष आहे असे म्हणता येणार नाही. पान छापण्यास लागणारी माहिती चित्रपट पाहण्यास लागणाऱ्या माहितीच्या मानाने अगदी अल्प असते, आणि त्यासाठी महाग भाग बसविण्याचे प्रयोजन नाही. अडचण होते ती जोडणी करताना. पुरवठादाराच्या कर्मचाऱ्याने दोन पट्ट्यांना दोन नावे दिलेली असतात. एकाच्या शेवटी ‘५जी’ असे लिहिलेले आढळते. मोबाईलच्या ‘फाइव्ह-जी’शी याचा काही संबंध नाही. हा केवळ पाच गिगाहर्ट्झचा संक्षेप आहे. घरातील मंडळी वेगवान म्हणून त्याच नावावर असतात. प्रिंटरला ते नाव दिसतच नाही, आणि मग प्रिंटर बिघडला असा निष्कर्ष काढला जातो. प्रिंटरच्या पडद्यावरील यादीत आपल्या घरचे नाव दिसत नसेल, तर सर्वप्रथम हीच शंका घ्यावी आणि त्यास २.४ गिगाहर्ट्झच्या नावाशी जोडावे. मोबाईल ५ वर आणि प्रिंटर २.४ वर राहिला तरी हरकत नाही. दोन्ही पट्टे एकाच राऊटरचे, म्हणजे एकाच टपाल कार्यालयाच्या दोन खिडक्या. सामान्यतः एका खिडकीत दिलेले पत्र दुसऱ्या खिडकीतून मिळू शकते.

जागेचाही विचार करावा. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, परंतु रेडिओलहरींना त्या मानवत नाहीत. लोखंडी कपाट हा तर त्यांचा शत्रूच. प्रिंटर कपाटाच्या मागील कोपऱ्यात आणि राऊटर ओसरीवर, अशी मांडणी असल्यास एखादे पान येते आणि पुढचे अडते. पहिली जोडणी करताना तरी दोन्ही उपकरणे एकाच खोलीत ठेवावीत. नंतर प्रिंटर त्याच्या जागी नेऊन पाहावा.

जोडणीच्या तीन रीती

प्रिंटरला जाळ्यात सामील करून घेणे म्हणजे त्यास दोन गोष्टी सांगणे: जाळ्याचे नाव आणि पासवर्ड. त्या त्याच्या कानी घालण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत, एवढेच.

ज्या प्रिंटरला छोटासा पडदा आहे त्याचे काम सर्वांत सरळ. सेटिंगमध्ये जाऊन वाय-फायची यादी काढावी, आपले नाव निवडावे आणि पासवर्ड भरावा. इंग्रजी लहान व मोठ्या लिपीतील अक्षरांत येथे भेद मानला जातो. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत तर नित्याचीच. राऊटरच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवरील बारीक अक्षरे वाचताना मी स्वतः तीन वेळा चुकलो आहे. पासवर्ड बहुधा ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो, आणि तो साध्या इंग्रजी अक्षरांत व अंकांतच ठेवावा. जाळ्याचे नाव मराठीत ठेवण्याची हौस काहींना असते. मातृभाषेवरील हे प्रेम स्तुत्य असले तरी नावाची मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सामान्यतः तीन बाइट घेते. त्यामुळे नाव दहा चिन्हांत आटोपावे लागते, काना-मात्रा धरून. शिवाय बहुतेक प्रिंटरच्या पडद्यावर ती अक्षरे उमटत नाहीत आणि यादीत नुसते चौकोन दिसतात.

दुसरी रीत बटणाची. अनेक राऊटरवर डब्ल्यूपीएस असे लिहिलेले बटण असते. ते दाबावे आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरील वाय-फायचे बटण माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबून धरावे. दोन्ही उपकरणे एकमेकांस ओळखतात आणि पासवर्डची देवाणघेवाण आपसांत उरकून घेतात. येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. काही राऊटरवर हेच बटण दहा-बारा सेकंद दाबून धरल्यास राऊटर मूळ स्थितीत जातो, म्हणजे त्यातील सारी माहिती पुसली जाते आणि घरातील इंटरनेटच बंद पडते. तेव्हा ते हलकेच दाबून सोडावे. काही नव्या राऊटरवर ही सोय नसते वा बंद ठेवलेली असते. त्याचे कारण पुढे येईलच.

तिसरी रीत मोबाईलवरील ॲपची. आज बिनपडद्याच्या प्रिंटरसाठी तीच रूढ झाली आहे. नवा प्रिंटर चालू केला की काही काळ तो स्वतःच एक तात्पुरते जाळे उभे करतो. ॲप उघडल्यावर मोबाईल त्या जाळ्यात शिरतो, घरच्या राऊटरचे नाव व पासवर्ड प्रिंटरला सांगतो आणि परत फिरतो. लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थासारखे हे काम आहे. यात व्यत्यय येतो तो असा. प्रिंटरच्या तात्पुरत्या जाळ्यात इंटरनेट नसते. मोबाईलच्या हे ध्यानात येते आणि ‘येथे इंटरनेट नाही, तरी राहावयाचे काय?’ अशा अर्थाची विचारणा तो करतो. आपण घाईने नकार देतो, किंवा मोबाईल परस्परच सिमकार्डच्या इंटरनेटकडे वळतो, आणि मध्यस्थ मांडवातून निघून गेल्यामुळे बोलणी अर्धवट राहतात. यावर उपाय साधा आहे. जोडणी होईपर्यंत मोबाईल डेटा बंद ठेवावा, विचारणेस होकार द्यावा आणि ॲपने ठावठिकाणा पाहण्याची परवानगी मागितल्यास ती तेवढ्यापुरती द्यावी. कारण अनेक मोबाईल या परवानगीखेरीज आसपासच्या जाळ्यांची यादी ॲपला दाखवीत नाहीत.

प्रिंटरवरील वाय-फायचा दिवा लुकलुकत असेल तर तो अद्याप शोधात आहे आणि स्थिर झाला तर जोडणी झाली, असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र दिव्यावर न विसंबता कागदाचा पुरावा घ्यावा. जवळजवळ प्रत्येक प्रिंटर आपल्या जोडणीचा अहवाल एका पानावर छापून देतो. हे एक पान म्हणजे प्रिंटरचा सातबाराच होय. जाळ्याचे नाव, लहरींचा जोर आणि त्यास मिळालेला पत्ता त्यावर नमूद असतो.

पत्ता बदलणारा भाडेकरू

हा पत्ता म्हणजे टिंबांनी विभागलेले चार आकडे. घरगुती जाळ्यांत तो पुष्कळदा १९२.१६८ असा सुरू होतो. खासगी जाळ्यांसाठी जे आकडे १९९६ साली जगभर राखून ठेवण्यात आले, त्यांपैकीच हे आहेत. म्हणूनच गडचिरोलीतील एका घरच्या प्रिंटरचा आणि सिंधुदुर्गातील दुसऱ्या घरच्या प्रिंटरचा पत्ता अगदी सारखा असू शकतो, आणि तरीही गोंधळ होत नाही; प्रत्येक गावात मारुतीची आळी असतेच की.

अहवालावर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर मात्र समजावे की राऊटरने पत्ता दिलेला नाही आणि प्रिंटरने आपल्या मनाने एक लावून घेतला आहे. अशा वेळी राऊटर व प्रिंटर दोन्ही बंद करून आधी राऊटर चालू करावा, दोन मिनिटे थांबावे आणि मग प्रिंटर चालू करावा. वीज जाऊन येते तेव्हाही हाच क्रम पाळलेला बरा.

आता ‘काल चालत होता, आज ऑफलाइन आहे’ या सार्वत्रिक तक्रारीकडे वळू. राऊटर जे पत्ते वाटतो ते कायमचे नसतात, मुदतीचे असतात. प्रिंटर चार-आठ दिवस बंद राहिला की त्याचा पत्ता दुसऱ्या कोणास, उदाहरणार्थ सुट्टीत आलेल्या भाच्याच्या मोबाईलला, दिला जाऊ शकतो. प्रिंटर परत येतो तेव्हा त्यास नवा पत्ता मिळतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावीत राहतो आणि उत्तर येत नाही म्हणून ‘ऑफलाइन’ असा शेरा मारतो. प्रिंटर ठणठणीत असतो, जाळेही ठीक असते. केवळ भाडेकरूने बिऱ्हाड बदललेले असते.

यावरचा कायमचा इलाज राऊटरमध्ये आहे. प्रत्येक उपकरणाच्या वाय-फाय भागास कारखान्यातच बारा चिन्हांचा एक क्रमांक दिलेला असतो, आणि तो वरील अहवालात छापलेला असतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘या क्रमांकाच्या उपकरणास नेहमी हाच पत्ता द्यावा’ अशी नोंद करता येते. हे काम पाच मिनिटांचे आहे. स्वतःस जमत नसेल तर इंटरनेट पुरवठादाराचा कर्मचारी घरी येईल तेव्हा त्याच्याकडून करून घ्यावे. त्यानंतर संगणकावर प्रिंटर जोडताना ‘आपोआप शोधा’ या पर्यायाऐवजी पत्ता स्वतः लिहून द्यावा. माझ्या घरी ही व्यवस्था केल्यापासून ‘ऑफलाइन’ हा शब्द क्वचितच दिसला आहे.

राऊटर बदलण्याचा प्रसंग आल्यास आणखी एक युक्ती उपयोगी पडते, आणि ती त्या रात्री मला ठाऊक असती तर अर्धे रिम वाचले असते. नव्या राऊटरला जुन्याचेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा. घरातील सारी उपकरणे त्यास जुना मित्र समजून आपोआप जोडली जातात. पुढे फक्त प्रिंटरच्या पत्त्याची नोंद नव्याने करावी लागते. नवा राऊटर डब्ल्यूपीए-३ या अद्ययावत सुरक्षापद्धतीवरच चालत असेल, तर जुना प्रिंटर आत येऊ शकत नाही. अशा वेळी डब्ल्यूपीए-२ व ३ अशी मिश्र पद्धत निवडावी.

मोबाईलवरून छपाई

मोबाईलवरून छपाई करण्यासाठी पूर्वी प्रत्येक कंपनीचे वेगळे ॲप लागे. ॲपलने २०१० साली एअरप्रिंट आणले, आणि इतर प्रमुख कंपन्यांनी मोप्रिया नावाची संघटना २०१३ साली स्थापन केली. त्यामुळे आज बहुतेक प्रिंटर मोबाईलला थेट दिसतात. गूगलची क्लाउड प्रिंट ही सेवा मात्र ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली आहे. जुन्या माहितीपुस्तिकांत तिचा उल्लेख अद्याप आढळतो. त्यावर वेळ दवडू नये.

मराठी मजकुराबाबत एक इशारा. कार्यालयातील जुन्या संगणकांवर युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेली पत्रे अजूनही पुष्कळ आहेत. तशी फाइल मोबाईलवर उघडून छापल्यास मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला कागदावर उतरतो. दोष प्रिंटरचा नसून मोबाईलमध्ये तो फॉन्ट नसण्याचा आहे. जेथे ती फाइल तयार झाली त्याच संगणकावर तिची पीडीएफ प्रत करून घ्यावी व मग पाठवावी.

मोबाईलला प्रिंटर दिसतच नसेल तर तो कोणत्या जाळ्यात आहे ते पाहावे. पाहुण्यांसाठी म्हणून राऊटरवर जे वेगळे जाळे ठेवलेले असते, त्यातील उपकरणांना घरातील इतर उपकरणे दिसू नयेत अशीच योजना असते. कार्यालयातून घरी आणलेल्या लॅपटॉपवर कार्यालयाचे व्हीपीएन चालू असेल तरीही हाच अनुभव येऊ शकतो. छपाईपुरते ते बंद करावे. आणि आज्ञा एकदाच द्यावी.

कोणाच्या हाती कागद पडतो

येथवर सोयीचा विचार झाला. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या हातून घरच्या प्रिंटरवर जे कागद निघतात ते खासगी नसतात. इतरांच्या विश्वासाने आपल्याकडे आलेले असतात. माझ्या परिचयातील एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. निराधार योजनेच्या अर्जदारांची यादी, बँक खाते क्रमांकांसह, त्यांनी रात्री मोबाईलवरून छापण्यास पाठविली. कागद आला नाही. त्यांनी पुन्हा पाठविली व मग कंटाळून नाद सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरील शेजारी पाच पाने हाती घेऊन दारात उभे राहिले. दोन्ही घरांत एकाच बनावटीचे प्रिंटर होते. शेजाऱ्यांच्या प्रिंटरचे स्वतःचे थेट जाळे कारखान्यातून आले तसेच चालू होते आणि त्याचा पासवर्ड एकापासून आठपर्यंतचे आकडे असा होता. सहकाऱ्यांच्या मोबाईलने घरच्या प्रिंटरऐवजी ते गाठले. शेजारी सज्जन होते. तथापि त्या यादीत विधवा होत्या, अपंग होते, आणि आपली परिस्थिती चारचौघांत कळू नये असे वाटणारे वृद्धही होते. ते सहकारी नंतर कित्येक दिवस त्या शेजाऱ्यांच्या नजरेला नजर देत नव्हते.

प्रिंटरच्या या थेट जाळ्यास वाय-फाय डायरेक्ट म्हणतात. राऊटर नसलेल्या ठिकाणी त्याचा उपयोग होतो. प्रिंटर घरच्या जाळ्यात आल्यावर ते बंद करावे. ठेवावयाचेच असल्यास पासवर्ड बदलावा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्डही मूळचा ठेवू नये. प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये लिहिला की सेटिंगचे पान उघडते, आणि ते जसे आपल्याला उघडता येते तसे जाळ्यातील इतर कोणासही उघडता येते.

राऊटरवर निदान डब्ल्यूपीए-२ पद्धत असावी. ती २००४ सालापासून प्रचारात आहे. तिच्या आधीच्या डब्ल्यूईपी पद्धतीतील उणिवा २००१ सालीच उघड झाल्या होत्या. एखादा जुना प्रिंटर केवळ तीच जाणत असेल तर त्याच्यासाठी घराचे दार उघडे टाकण्यापेक्षा त्याला वायरने जोडावे. डब्ल्यूपीएसच्या बटणाचा उल्लेख वर आला आहे. त्याच सोयीत आठ अंकी पिनचाही एक प्रकार आहे आणि धोका त्यातच आहे. आठ अंक म्हटल्यावर कोट्यवधी शक्यता, असे आपल्याला वाटते. परंतु राऊटर पहिले चार अंक निराळे तपासतो व पुढचे तीन निराळे. आठवा अंक नुसता पडताळ्याचा. त्यामुळे दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे फार तर अकरा हजार प्रयत्नांत पिन सापडू शकतो, ही गोष्ट २०११ साली उजेडात आली. प्रिंटर जोडून झाला की डब्ल्यूपीएस बंद करणे हेच श्रेयस्कर.

एकच संगणक आणि शेजारीच प्रिंटर अशी जेथे स्थिती आहे, तेथे बिनतारी जोडणीचा अट्टहास कशासाठी, असा प्रश्न काही ग्रामपंचायतींत मला विचारण्यात आला. माझे मत स्पष्ट आहे. तेथे दीड-दोन मीटरची यूएसबी वायर हाच उत्तम मार्ग होय. चार-पाच जण वेगवेगळ्या खोल्यांतून एकच प्रिंटर वापरीत असतील तेव्हाच वाय-फायचा खरा उपयोग.

प्रिंटर निकामी झाल्यावर तो भंगारात देण्यापूर्वी किंवा कोणास भेट देण्यापूर्वी त्यातील माहिती पुसून तो मूळ स्थितीत आणावा. वीज काढली तरी आपल्या जाळ्याचे नाव व पासवर्ड त्याच्या स्मृतीत राहतात. काचेखाली राहून गेलेली आधार कार्डाची प्रतही एकदा पाहून घ्यावी. मी दुरुस्तीस नेलेल्या प्रिंटरमध्ये ती निघाली होती, आणि ती माझी नव्हती.

माझ्या घरी कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस आता एक कागद चिकटविलेला आहे. जाळ्याचे नाव, प्रिंटरचा पत्ता, त्याचा बारा चिन्हांचा क्रमांक आणि राऊटर बदलल्याची तारीख, एवढेच त्यावर लिहिले आहे. पासवर्ड तेवढा डायरीत ठेवला आहे. मागील महिन्यात पुन्हा राऊटर बदलला, तेव्हा मी दौऱ्यावर होतो. आमच्या वडिलांनी तो कागद पुरवठादाराच्या माणसासमोर धरला, डायरीतील पासवर्ड वाचून दाखविला आणि जुनेच नाव घालावयास लावले.